अधोलीतले तांदूळ

पेन्शन काढायला मी दर महिन्याला स्वतः पोलादपूरला जाते. नवरा एसटीच्या वर्कशॉपला होता. तो गेल्यावर त्याची पेन्शन माझ्या नावावर झाली. फार नाही. माझी मशेरी, गुडघ्याच्या गोळ्या, कोणाच्या घरी बारसं असलं तर कुंची-टोपडं, एवढं त्यातून निघतं. पण ती माझी आहे. तिच्यातून मी काय घेतलं नि काय ठेवलं हे मुलालाही सांगत नाही.

गणपतीच्या आधल्या आठवड्यात बँकेत गेले, तर खिडकीतल्या मुलीनं स्लिप परत सरकवली.

"आजी, तुमच्या खात्यावर होल्ड आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे पैसे आहेत, पण काढता येणार नाहीत."

"कोणाला?"

"तुम्हाला."

"मग कोणाला येतील?"

ती हसली. मी हसले नाही. मग तिनं संगणकात पुन्हा बघितलं आणि आवाज खाली न करता विचारलं, "सायबरची तक्रार दिसतेय. तुम्ही कोणाला ऑनलाइन फसवलंत का?"

आमच्या वाडीतल्या दोघी माझ्या मागेच उभ्या होत्या. त्यांचं बोलणं एकदम थांबलं. एकीच्या हातातली प्लॅस्टिकची पिशवी तेवढी वाजत होती.

फसवलं नव्हतं. विकलं होतं. ते कसं झालं ते सांगते.

आमच्या पोटमाळ्यावर जुनी तांब्यापितळेची भांडी होती. सासूच्या वेळची, तिच्या सासूच्या वेळची. कोणी वापरत नव्हतं. घासायला चिंच आणि दंडात जोर लागतो, माझ्याकडे आता दोन्ही कमी. एकदा सुनेला घेऊन एक घंगाळ मोडीत द्यायला महाडच्या बाजारात गेले. भांडीवाल्यानं तराजूत टाकलं, मोडीचा भाव लावला, पैसे दिले. आम्ही समोरच उसाचा रस प्यायला बसलो. रस संपायच्या आत त्या बाबानं ते घंगाळ फडक्यानं पुसून दुकानाच्या पुढच्या फळीवर मांडलं. हायवेवरून आलेल्या मुंबईच्या गाडीतली बाई खाली उतरली, तिनं भाव विचारला. त्यानं सांगितलेला आकडा ऐकून सुनेच्या नाकात रस गेला.

घरी येताना एसटीत सून म्हणाली, "आई, आपणच विकू."

"कोणाला? वाडीत कोण घेणार हाय?"

"वाडीत नाय. फोनवर."

फोनवर जुन्या वस्तू जमवणाऱ्या लोकांचा एक ग्रुप असतो, हे मला तेव्हा कळलं. कोणी दिवे जमवतं, कोणी अडकित्ते, कोणी कुलपं. शिकलेली माणसं असतात. सून फोटो काढायची, लिहायची. भाव मी सांगायची. पैसे माझ्या खात्यात यायचे, कारण भांडी माझी होती. खातं सुनेनं फोनला जोडून घेतलं होतं. वस्तू मी बांधायची. पेंढ्यात गुंडाळायची, वरून जुन्या लुगड्याचं कापड आणि दाभणानं सुतळीची शिलाई. सून म्हणायची खोका आणि चिकटपट्टी वापरू. मी म्हटलं, चिकटपट्टी कोणी पण सोडवून परत लावील. माझी शिलाई उसवली तर मला कळेल.

आणि नियम एकच. खात्यात पैसे आल्याशिवाय दाभण हातात घ्यायचं नाही.

लोक फसवायला बघतात, ते काही नवीन नाही. एकानं अडकित्ता घेतला, पैसे टाकले म्हणून फोटो पाठवला. सून म्हणाली, "आलं आई, हे बघा हिरवं टिक." मी पोलादपूरला जाऊन पासबुक मशीनमध्ये घातलं. काही आलं नव्हतं. घरी येऊन सुनेला म्हटलं, "त्यानं पैशाचं चित्र पाठवलं ना? आपण पण त्याला अडकित्त्याचं चित्र पाठवलंय. फिटंफाट झाली. त्याला तसंच लिही." तिनं लिहिलं. तो पुन्हा बोलला नाही. दुसऱ्या एका बाईनं समई मिळाल्यावर तडा गेलाय म्हणून फोटो पाठवला आणि अर्धे पैसे परत मागितले. फोटोतल्या समईला सात नाकं होती. आमचीला पाच. मी म्हटलं, "बाई, दोन नाकं वाटेत फुटली असती तर समजलं असतं. दोन वाढली कशी?" ग्रुपवर सगळे हसले. तेव्हापासून मला तिथे आजी म्हणायला लागले. मला ते बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग अधोलीची पाळी आली.

अधोली म्हणजे अर्ध्या पायलीचं माप. आमची पितळी होती, कमरेला बारीक, वरखाली रुंद. खळ्यावर भात मोजायला ती आख्ख्या वाडीत फिरायची. आता कोण मोजतं? सगळं किलोवर. पुण्याकडच्या एका माणसानं ती मागितली. तो मापंच जमवायचा. भिंतभर फळ्या आणि त्यावर नुसती मापं, असा फोटो त्यानं आम्हाला पाठवला होता. घासाघीस केली नाही. पैसे आधी टाकले, मी पासबुकात बघितले. चांगला माणूस, असं मी सुनेला म्हटलंही.

आता आमच्याकडे माप रिकामं कोणाच्या हातात देत नाहीत. शेजारीण मागायला आली तरी तळाला चिमूटभर दाणे टाकून देतात, आणि परत करताना ती पण तसंच करते. सूप असो, माप असो, रिकामं घराबाहेर काढायचं नाही. ही अधोली तर कायमची चालली होती. मी तिच्यात घरचे तांदूळ ओंजळभर घातले, वर सुपारी ठेवली, मापाला हळदीकुंकवाचं बोट लावलं, वर फडकं बांधलं आणि शिवून टाकलं. सून बघत होती. तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. तिच्या माहेरी पण असंच करतात.

आषाढ होता. घाटात दरड आली होती, गाड्या लांबून फिरून जात होत्या. ते पार्सल कुठल्या गोदामात किती दिवस भिजत पडलं देव जाणे. त्याच्या घरी पोचलं तेव्हा त्यातून वास येत होता. त्यानं शिलाई कापली, फडकं सोडलं. आत लाल झालेला, फुगलेला, नासलेला तांदूळ, त्यात अळ्या, मधोमध काळी पडलेली सुपारी. पितळ आतून कळकून हिरवं झालेलं. त्यानं पाठवलेला फोटो मी सुनेला बंद करायला लावला.

मग त्याचा फोन आला.

"आजी, हे काय पाठवलंत तुम्ही?"

"अधोली."

"अधोलीत काय आहे?"

"तांदूळ."

"मी तांदूळ मागितले होते का?"

"ते मागायचे नसतात. द्यायचे असतात."

"आणि कुंकू? आणि सुपारी?"

"माप रिकामं देत नाहीत. तुम्ही एवढी मापं जमवता, तुम्हाला माहीत नाही?"

तो अगदी हळू म्हणाला, "आमच्या घरात आई आजारी आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. तुमच्या आईला काय झालंय हे मला पोलादपुरात कसं कळणार?"

"तेच तर मी विचारतोय!"

तेव्हा मला उमगलं की हा माणूस काय समजून बसलाय. मी त्याला म्हटलं, तांदूळ फेकून द्या, माप चिंचेनं घासा, हिरवं जाईल. नको असेल तर माप परत पाठवा, पोचलं की पैसे परत करते. यात माझी काही चूक नव्हती असं माझं तेव्हाही मत होतं, आजही आहे. पण वस्तू आवडली नाही तर परत घ्यायची, हा धंदा आहे.

"परत पाठवू? मी हात लावणार नाही त्याला. गुरुजींनी सांगितलं म्हणून काल नदीत सोडून दिली."

"नदीत? पितळेची अधोली?"

"मला माझे पैसे परत पाहिजेत."

"आणि मला माझी अधोली. नदीला विचारा."

एवढं बोलून मी फोन सुनेच्या हातात दिला. मला वाटलं मिटलं.

त्यानं तक्रार केली, ती कळली गणपतीच्या तोंडावर, बँकेच्या खिडकीत.

बँकेतली मुलगी म्हणाली, हे आमच्या हातात नाही, पोलिसांचं पत्र आणा. मी आणि सून महाडला पोलिसांत गेलो. तिथला हवालदार वयानं माझ्या मुलाएवढा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शेजारच्याला हाक मारली, "ये ये, सायबर गुन्हेगार बघ." मग माझं तोंड बघून म्हणाला, "आजी, मस्करी करतोय. पण तक्रार इथली नाय. तिकडची हाय. आम्ही पत्र देऊन काय होणार नाय. तुम्ही त्याला पैसे परत करा. तो तक्रार मागे घेईल, तिकडून पत्र येईल, खातं सुटेल."

"पैसे खात्यात हायत."

"मग काढा."

"खातं बंद हाय."

"हां," तो म्हणाला. पेन टेबलावर ठेवलं. "मग दुसरीकडून बघा काहीतरी."

दुसरीकडून म्हणजे मुलाकडून. मुलगा महाडच्या एमआयडीसीत पाळीवर जातो. त्याला या विकाविकीचा पहिल्यापासून राग. भांडी विकली याचा नाही. आईला पैशाची गरज पडली असं लोकांना वाटलं, याचा. मी त्याला सांगितलं तेव्हा तो जेवत होता.

"आई, तुला मी देत नव्हतो काय?"

"मी मागत नव्हते."

"मग आता?"

"आता मागत्येय."

त्यानं ताट बाजूला केलं. म्हणाला, "पैशाचं नाय गो. पण आमच्या दोघांच्या खात्यातून त्याला पाठवलं, नि ते पण त्यानं अडकवलं, तर माझा पगार तिथेच येतो. मग खायचं काय?" ते खरं होतं.

सुनेनं त्याला न सांगता पाठवले. आपल्या साठवलेल्यातून. दुसऱ्या दिवशी जसेच्या तसे परत आले. सोबत दोन ओळी: तुमच्या घरचं आता काहीही नको. पैसेही नकोत. फोन करू नका. गुरुजींनी त्याला सांगितलं होतं म्हणे, त्या घरातून काही घ्यायचं नाही, काही द्यायचं नाही, बोलायचं नाही. पुढे फोन लागेना. सुनेचा नंबर त्यानं बंद करून टाकला होता.

म्हणजे बघा. पैसे परत दिल्याशिवाय तो तक्रार मागे घेणार नाही. आणि पैसे तो घेणार नाही. आणि खातं उघडल्याशिवाय माझ्याकडे दुसरे पैसे नाहीत. आणि दर महिन्याला पेन्शन त्या खात्यात जाऊन पडत होती. सून फोनवर आकडा दाखवायची. वाढत होता. काचेमागे ठेवलेल्या लाडवासारखा.

आयुष्यात पहिल्यांदा मी मशेरीसाठी सुनेकडे हात पसरला. ती चांगली आहे, काही बोलायची नाही. माझ्या उशीखाली नोट ठेवून जायची, मला दिसू नये अशी. पण मला दिसायची. मशेरी कमी केली. गुडघ्याची गोळी रोज होती, ती एक दिवसाआड केली. जावेच्या नातीचं बारसं होतं, अंगात कसर आहे म्हणून गेले नाही. जाऊ दुसऱ्या दिवशी दारात आली. म्हणाली, "कसर कसली गो? बँकेत तुझं काय झालं ते वाडीला माहीत हाय. कुंची मी घेऊन दिली असती." मी तिला चहा पाजला आणि घालवलं. असल्या मायेची मला चीड येते.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, म्हणजे पेन्शनवाला माणूस अजून आहे, याचा पुरावा. मी गेले. मशीनवर अंगठा लावला. पहिल्यांदा लागला नाही, भांडी घासायच्या राखेनं माझ्या बोटांच्या रेषा पुसल्या आहेत. तिसऱ्यांदा लागला. मुलगी म्हणाली, "झालं आजी." मी जिवंत आहे हे बँकेनं मानलं. पैसे मात्र दिले नाहीत.

मार्चमध्ये पुन्हा एकदा महाडला गेले. एकटीच. चवदार तळ्याची गर्दी असते हे माझ्या ध्यानातच नव्हतं. एसटी डेपोपासून रस्ता माणसांनी भरलेला, निळे झेंडे, मुलांना खांद्यावर घेतलेले बाप. पोलीस ठाण्यात एक बाई पोलीस टेलिफोनजवळ बसली होती, बाकी सगळे बंदोबस्ताला. ती म्हणाली, "आज काही होणार नाही, मावशी, उद्या या." मी म्हटलं, "उद्या तरी काय होणार?" तिनं विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "उद्याही काही नाही." ती मला आवडली. तिनंच सांगितलं, तक्रार करणाऱ्यानं मनावर घेतलं तरच सुटेल, नाहीतर वर्षं जातील. बाहेर पाणी वाटणाऱ्या पोरींनी मला पाणी दिलं. ते पिऊन मी आले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याचाच फोन आला. नवीन नंबरवरून. सुनेनं घेतला आणि बोटानं मला खूण केली, तोच.

आवाज उतरला होता. "आजी, मला पैसे नकोत. तक्रार मागे घेतो. लिहून देतो. पण तुम्ही जे घातलंत ते काढून घ्या."

"मी तांदूळ घातले होते."

"आई जेवत नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असते. डॉक्टर झाले, सगळे रिपोर्ट झाले, काही निघत नाही. गुरुजी म्हणतात, ज्या हातानं घातलं त्याच हातानं निघतं."

"अरे बाबा, मी काही केलेलं नाही. म्हातारं माणूस कधी कधी नाही जेवत. मी पण जेवत नाही कधी कधी."

"मग उतरवायला तुमचं काय जातं?"

सून माझ्याकडे बघत होती. काय जातं? त्यानं म्हटलेलं मी कबूल केलं, असं होतं. न केलेलं काम मी केलं होतं, असं होतं. मी त्याला म्हटलं, उद्या सांगते.

सून म्हणाली, "आई, मीठ-मोहरीच तर ओवाळायची. पोरांवरनं आपण रोज ओवाळत नाय?"

"पोरांवरनं ओवाळतो ती दुसऱ्याची दृष्ट. ही माझीच म्हणून मागतोय तो."

"मग नका करू. मी मशेरी आणत्येय ना."

ती चांगल्या मनानं म्हणाली. पण मला तेच लागलं. दुसऱ्या दिवशी त्याला होय म्हणून सांगितलं. एवढंच म्हटलं, आधी कागद लिही. त्यानं तक्रार मागे घेतल्याचा अर्ज लिहून, सही करून फोटो पाठवला. मी म्हटलं, फोटो नको, पोलिसांत पोचल्याची सही दाखव. ती पण पाठवली. हा माणूस पैशाला कधीच खोटा नव्हता, हे मी अजूनही म्हणते.

मग दुपारी त्यानं व्हिडिओ लावला. त्यानं फोन त्याच्या आईसमोर धरला, सुनेनं आमचा माझ्यासमोर. म्हातारी माझ्याच वयाची. केस कापलेले, गालफडं बसलेली, डोळे मात्र उघडे. मागे भिंतीवर ती मापं सगळी ओळीनं. मी मुठीत मीठ, मोहरी आणि दोन सुक्या मिरच्या घेतल्या.

"आधी म्हणा," तिकडून तो म्हणाला. "मी घातलं ते मी काढून घेते, असं म्हणा."

"मी पाठवलं ते काढून घेते."

"पाठवलं नाही. घातलं."

सून फोन धरून उभी होती. मी म्हटलं, "मी घातलं ते मी काढून घेते." म्हणताना आवाज माझाच होता.

मूठ फोनभोवती फिरवायला लागले. तोंडानं काहीतरी पुटपुटायला पाहिजे, नाहीतर त्याला पटलं नसतं. मला मंत्र कुठले येतात? मी चौथी शिकले, आम्हाला मास्तरांनी पावकी-निमकी छड्या मारून पाठ करून घेतली होती. तीच म्हटली. एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक. ओठातल्या ओठात, भराभर. पाच पाव सव्वा, सहा पाव दीड.

म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत होती. दहाच्या पुढे गेले आणि तिचे ओठ हलायला लागले. माझ्याबरोबर. मी थांबले तरी ती आणखी दोन पाव पुढे गेली. मग तिच्या गालावर एक सुरकुती पडली आणि तिनं डोळे मिटून घेतले. तिला कळलं होतं. हसत होती ती. तिचा मुलगा फोनच्या मागे उभा होता, त्याला फक्त आईचे ओठ हललेले दिसले असणार.

मी मूठ चुलीत टाकली. मिरच्यांचा ठसका आला. सुनेनं फोन चुलीपासून लांब नेला, आणि तिकडचा फोन बंद झाला.

त्या संध्याकाळी ती म्हातारी पेज जेवली. दुसऱ्या दिवशी उठून बसली. हे त्यानं मला कळवलं. वर्षभर बोलला नव्हता इतकं बोलला, आजी आजी करून. तुमचे उपकार, म्हणाला. मी म्हटलं, "तिच्याशी बोलत जा जरा. तिला पावकी येते, विचार." त्याला वाटलं मी आणखी काही विधी सांगत्येय. लिहून घेतलं त्यानं.

खातं सुटायला आणखी वेळ गेला. वैशाखात सुटलं. सगळी पेन्शन एकदम निघाली. सुनेचे पैसे तिला दिले, तिनं घेतले नाहीत, मग तिच्या डब्यात ठेवले. गोळ्या रोजच्या सुरू केल्या. मला वाटलं, संपलं.

पण त्या माणसानं ग्रुपवर सगळं लिहिलं होतं. कळवळ्यानं लिहिलं होतं. आजींनी मोठ्या मनानं मान्य केलं आणि काढून घेतलं, आई बरी झाली. वस्तू घ्यायला कोणी आलं नाही. समई, कळशी, पानाचा डबा, फोटो टाकले की सगळे गप्प. आमच्या घरची वस्तू कोण घरात नेणार? पण दुसरे फोन सुरू झाले.

"आजी, तुम्ही फोनवरून काढता ना?"

"नाही."

"रागावू नका. मुलीचं लग्न जमत नाही हो."

मी ठेवून देते. मग पैसे येतात. विकायच्या वेळी दिलेला नंबर सगळ्यांकडे आहे, त्यावर टाकतात. एकशे एक, कधी पाचशे एक. सून परत पाठवते. काही लोक घेतात. काही पुन्हा पाठवतात, थोडे वाढवून, आजी मान्य करा असं लिहून. एक बाई म्हणाली, दिलेली दक्षिणा परत आली तर मला लागेल, मी घेणार नाही. मी बँकेत जाऊन त्या मुलीला म्हटलं, बाहेरून कोणी पैसे टाकू नयेत असं काहीतरी कर. ती म्हणाली, "आजी, जमा बंद केली तर पेन्शन कशी जमा होणार?" नवीन खातं उघडायचं तर पेन्शनचे कागद पहिल्यापासून करायचे, अलिबागपर्यंत. माझे गुडघे पोलादपूरपर्यंतचे आहेत.

वाडीतही तेच. आधी मला बघून बोलणं थांबवायच्या. आता पोराला घेऊन दारात येतात. जावेनं एक दिवस तिच्या नातीला माझ्या पदराखाली ढकललं आणि म्हणाली, "तूच घातलं असलंस तर काढ गो, मी कोणाला सांगत नाय." मी तिला दारातनं हाकलली. ती गेली, पण पोरीला उंबऱ्यात ठेवून. काय करणार, ओवाळलं.

परवा पनवेलकडच्या एकाचा फोन आला. तोही त्याच ग्रुपवर जुने दिवे विकतो. त्याचा दिवा एका गिऱ्हाइकानं घेतला, मिळालाच नाही असं सांगून पैसे परत मिळवले आणि दिवाही ठेवला. तो माणूस रडकुंडीला आला होता. मला वाटलं, धंद्यातला आहे, आपल्याला विचारतोय, सांगावं चार गोष्टी. मी म्हटलं, पोचपावती ठेव, शिवतानाचा फोटो ठेव.

"ते सगळं केलं, आजी. काही उपयोग नाही. तुम्ही त्याच्या घरी तांदूळ पाठवाल काय?"

"काय?"

"तसलेच. अधोलीतले. पत्ता टाकलाय. पैसे पण टाकलेत तुमच्या खात्यात, जरा जास्तच टाकलेत."

मी फोन सुनेकडे दिला. तिनं परत पाठवले. त्यानं पुन्हा टाकले. ते आता खात्यात आहेत, पेन्शनच्या शेजारी. तो रोज विचारतो, पाठवलंत काय. आणि नाही पाठवले तर तो काय करील हे मला माहीत आहे. पैसे घेतले आणि माल दिला नाही, अशी तक्रार करील. आणि ती खरी असेल.

"आई, काय सांगू त्याला?" सून काल विचारत होती.

"सांग, म्हातारी मेली."

तिनं लिहायला घेतलं, पुसलं. मग म्हणाली, "नि ते बँकेत पोचलं तर?"